जनावरांच्या डॉक्टरने भरलेली हवा

ऊसतोडीच्या हंगामात आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही साखर कारखान्याच्या गेटाबाहेर पहाटे बैलगाड्यांची रांग लागलेली असते. या गाड्यांना लाकडी चाके नसतात. मोटारीला असावेत तसे काळे, हवेने फुगलेले टायर असतात. कारखान्याच्या हिशेबात ती टायरगाडी. जुन्या पिढीतली माणसे तिला डनलॉपची गाडी म्हणतात. डनलॉप हे बहुतेकांना कंपनीचे नाव वाटते. कंपनीचे ते होतेच, पण त्याआधी ते एका माणसाचे नाव होते, आणि तो माणूस इंजिनिअर नव्हता, कारखानदारही नव्हता. तो जनावरांचा डॉक्टर होता.

अलीकडे हे नाव मला वेगळ्या कारणाने वारंवार आठवते. अकोले, संगमनेर, पारनेर भागातले अनेक तरुण शेतमालासाठी फोर-व्हील ड्राइव्ह पिकअप घेतात. गाडी घरी आली, पूजा झाली, की महिन्या-दोन महिन्यांत कंपनीचे टायर उतरवून त्यापेक्षा मोठे, रुंद आणि खोल नक्षीचे टायर चढवले जातात. डोंगरातल्या वाडीवस्तीवर पावसाळ्यात गाडी न्यायची असते, त्यामुळे काहींची ती गरज असते. काहींची निव्वळ हौस असते, आणि तिलाही माझी हरकत नाही. पण यातले काही जण सहा-आठ महिन्यांनी कंबर धरून सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात येतात, तेव्हा मी त्यांना गोळ्या लिहून देण्याआधी टायरमध्ये किती हवा ठेवता हे विचारतो. त्यांना वाटते, डॉक्टर गप्पा मारतोय. गप्पा नव्हेत. त्या प्रश्नामागे डनलॉप यांचे सगळे आयुष्य आहे.

जॉन बॉइड डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडच्या एअरशायर भागात, ड्रेगहॉर्न गावी, एका शेतकरी कुटुंबात झाला. आपण दिवस भरण्याआधी दोन महिने जन्मलो, असे त्यांना घरच्यांनी सांगितले होते. आज आपल्या जिल्हा रुग्णालयात असे मूल आले तर ते नवजात शिशु कक्षात जाते, त्याला ऊब, प्राणवायू, नळीने दूध मिळते. त्या काळी मूल जगले तर ते आईच्या कुशीच्या उबेवर आणि नशिबावर. डनलॉप जगले, पण आपली प्रकृती नाजूक आहे ही समजूत त्यांच्या मनात आयुष्यभर घर करून बसली. ते जपून राहिले, जपून चालले, आणि ८१ वर्षे जगले. नाजूक म्हणवणारी माणसे कधीकधी साऱ्या धडधाकटांना पोचवून मग जातात, हे आम्ही डॉक्टर नेहमी पाहतो.

शेतीऐवजी ते शिकले. एडिंबरातल्या पशुवैद्यक महाविद्यालयातून वयाच्या एकोणिसाव्या वर्षी पदवी घेऊन बाहेर पडले. काही वर्षे स्कॉटलंडमध्ये काम करून १८६७ मध्ये ते समुद्र ओलांडून आयर्लंडला गेले, आधी डाउनपॅट्रिकला आणि मग बेलफास्टला. १८७१ मध्ये मार्गारेट स्टीव्हन्सन यांच्याशी त्यांचे लग्न झाले. एक मुलगी, एक मुलगा. त्या काळी शहराची सारी वाहतूक घोड्यांवर चालायची, त्यामुळे घोड्यांचा डॉक्टर म्हणजे आजच्या भाषेत मोठे गॅरेज आणि दवाखाना एकत्र. बेलफास्टमधला त्यांचा दवाखाना आयर्लंडमधल्या मोठ्या दवाखान्यांपैकी एक होता. घोड्यांच्या नालांचे कामही तिथेच चाले. दगडी फरसबंदीवर ओझे ओढणाऱ्या जनावरांचे खूर, सांधे आणि खांदे रोज पाहण्यात त्यांची वीस वर्षे गेली.

आपल्याकडच्या बैलांचा खांदा पाहिलेल्याला हे वेगळे सांगायला नको. लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवलेली गाडी खडकाळ वाटेवरून जाते तेव्हा प्रत्येक दगडाचा दणका चाकातून आसात, आसातून साटीत आणि जुवातून बैलाच्या मानेवर उतरतो. खांदेसूज त्यातूनच येते. आपल्या सुतारांनी यावर एक उपाय केव्हाच काढला होता. गाडीचे चाक माणसाच्या छातीएवढे उंच करायचे. चाक जितके मोठे, तितके ते खड्ड्यात कमी उतरते आणि दगडावर सहज चढते. मोठे टायर लावणाऱ्या आजच्या पोरांचा हिशेब हाच आहे, आणि तो बरोबर आहे. फक्त तो अर्धा आहे. उरलेला अर्धा बेलफास्टच्या एका अंगणात सापडला.

१८८७ साली डनलॉप यांचा मुलगा जॉनी नऊ-दहा वर्षांचा होता. त्याच्याकडे तीनचाकी सायकल होती. सायकलची चाके तेव्हा लोखंडी किंवा फार तर भरीव रबराच्या पट्टीची असत आणि बेलफास्टचे रस्ते दगडी चिऱ्यांचे, मधून ट्रामचे रूळ. पोराचे अंग खिळखिळे व्हायचे. सर जॉन फॅगन या नावाच्या शल्यचिकित्सकांनी जॉनीला सायकल चालवण्याचा व्यायाम सुचवला होता आणि हादरे कमी झाले तर तो अधिक हिताचा ठरेल असेही त्यांचे मत होते, असे सांगतात. मला ही गोष्ट आवडते, कारण त्यात डॉक्टर आहे. पण खरे काम पुढे बापाने केले.

डनलॉप यांनी एक लाकडी तबकडी घेतली. तिच्या कडेभोवती रबराची नळी बसवली, वरून कापडाची पट्टी घट्ट ताणून खिळ्यांनी ठोकली, आणि फुटबॉलच्या पंपाने नळीत हवा भरली. मग अंगणात दोन चाके एकामागून एक घरंगळत सोडली. आधी जॉनीच्या सायकलचे लोखंडी चाक. ते अंगण पार करण्याआधीच आडवे पडले. मग हवेचे चाक. ते अंगणाच्या टोकापर्यंत गेले, फाटकाच्या खांबावर आदळले आणि उलट परत आले. प्रयोग संपला. पुढच्या वर्षीच्या सुरुवातीला सायकलच्या मागच्या दोन्ही चाकांना हवेचे टायर लागले आणि जॉनी फिरायला निघाला.

इथे थोडे थांबून त्या अंगणात काय घडले ते पाहू, कारण पिकअपच्या टायरचा सगळा प्रश्न यात आहे. गाडीचे वजन रबर उचलत नाही, हवा उचलते. रबर फक्त हवेची पिशवी आहे. दगड आला की भरीव चाकाला सगळे चाक, आस आणि गाडी उचलावी लागते; हवेचा टायर मात्र दगडाला तेवढ्यापुरता पोटात घेतो आणि पुढे जातो. उचलण्यात जी शक्ती फुकट जायची ती वाचते, म्हणून डनलॉप यांचे चाक लांब गेले. मुलाच्या अंगाला आराम मिळावा म्हणून केलेली वस्तू वेगालाही उपयोगी निघाली, ही त्यातली गंमत.

आमच्या वॉर्डातही हीच युक्ती आहे. पक्षाघाताचा किंवा मणक्याला मार लागलेला रुग्ण महिनोन्महिने एका कुशीवर राहिला तर माकडहाडावर, टाचेवर, खुब्यावर सगळा भार थोड्या जागेवर येतो, तिथला रक्तपुरवठा दबतो आणि जखम होते. त्याला आपण शय्याव्रण म्हणतो. उपाय म्हणजे हवेची गादी. शरीराचे वजन तेच राहते, पण गादी अंगाच्या आकाराप्रमाणे दबते, भार जास्त जागेवर पसरतो. मात्र नातेवाईक कधीकधी प्रेमापोटी ती गादी दगडासारखी टणक फुगवतात. मग ती हवेची असून उपयोगाची राहत नाही.

टायरचे अगदी तसेच. समजा, माल भरलेल्या पिकअपचे एकूण वजन २,८०० किलो आहे. चार चाकांवर सारखे वाटले तर प्रत्येक चाकावर ७०० किलो. टायरमध्ये ३५ पौंड हवा असेल तर जमिनीला टेकणारी जागा ढोबळमानाने २८५ चौरस सेंटीमीटर येते, म्हणजे लहान वहीच्या एका पानाहून थोडी कमी. हवा २० पौंडांवर आणली तर तीच जागा सुमारे ५०० चौरस सेंटीमीटर होते. या हिशेबात टायरचा आकार कुठेच आला नाही, हे लक्षात घ्या. मोठा टायर बसवला आणि हवा तितकीच ठेवली, तर टेकण्याचा आकार थोडा बदलतो, पण क्षेत्रफळ साधारण तेवढेच राहते. मोठ्या टायरचा खरा फायदा असा की त्यात हवेला जागा जास्त असल्याने तेवढेच वजन तो कमी दाबावर, रिम जमिनीला न लागू देता, उचलू शकतो. वाळूत, चिखलात, नदीच्या पात्रात कमी दाबामुळे गाडी तरते.

आता आपल्याकडे काय होते? मोठा टायर बसवतात आणि माल जास्त भरता यावा म्हणून हवा ४५-५० पौंड ठोकतात. शिवाय हे टायर जास्त थरांचे, कडक बाजूंचे आणि वजनाने जड असतात. म्हणजे डनलॉप यांनी मुलासाठी काढलेली मऊ हवा पुन्हा लाकडी चाकाजवळ नेऊन ठेवायची. स्प्रिंगच्या खाली लटकणारे वजन वाढले की सस्पेन्शनला ते आवरत नाही आणि दणका वर येतो. बसलेल्या माणसाच्या धडाला सेकंदाला साधारण चार ते आठ वेळा बसणारे उभे हादरे सर्वांत जास्त जाणवतात, कारण त्या गतीला आपले धड त्या हादऱ्यांच्या तालात सापडते आणि आतल्या आत जास्त हलते. खराब रस्त्यावरची वाहने नेमके याच आसपासचे हादरे देतात. मणक्यांमधल्या चकत्याही आपल्या परीने शॉक अॅब्सॉर्बरच असतात. दिवसाचे दहा तास, वर्षाचे तीनशे दिवस त्यांना ठोकत राहिले तर त्या दाद मागतात. ट्रॅक्टर, ट्रक आणि पिकअप चालवणाऱ्यांमध्ये कंबरदुखी जास्त आढळते, त्यामागे हे एक मोठे कारण आहे. कांद्याच्या पिशव्या स्वतः उचलणे हे दुसरे.

डनलॉप यांच्याकडे परत जाऊ. त्यांनी २३ जुलै १८८८ रोजी पेटंटसाठी अर्ज केला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते मिळाले. सुरुवातीला लोक हसले. बारीक, देखण्या चाकांच्या जमान्यात हे जाडजूड, गुबगुबीत टायर हास्यास्पद दिसत. १८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या क्रीडा मेळाव्यात विली ह्यूम नावाचा सायकलपटू ते टायर लावून उतरला. तो काही अजिंक्य म्हणून प्रसिद्ध नव्हता. त्याने उतरलेल्या चारही शर्यती जिंकल्या. हरणाऱ्यांमध्ये डब्लिनचे कागद व्यापारी हार्वी दु क्रॉस यांची मुले होती. पोरे हरली याचे दुःख करत बसण्याऐवजी दु क्रॉस यांनी टायरवाल्याचा पत्ता काढला आणि वर्ष संपायच्या आत डब्लिनमध्ये कंपनी उभी राहिली. डनलॉप यांनी आपले पेटंट कंपनीला दिले आणि बदल्यात काही समभाग घेतले.

आणि मग घाव बसला. पेटंट मिळाल्यावर दोन वर्षांत त्यांना कळवण्यात आले की ते रद्दबातल आहे. कारण हवेचे चाक त्यांच्याआधी ४३ वर्षांपूर्वीच एका माणसाने शोधले होते, तोही स्कॉटिशच. रॉबर्ट विल्यम थॉमसन. स्टोनहेवन गावच्या या तरुणाने २३व्या वर्षी, १८४५ च्या डिसेंबरमध्ये, रबर चढवलेल्या कापडाची नळी आणि वर चामड्याचे आवरण अशा चाकाचे पेटंट घेतले होते. लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये घोडागाडीला ते लावून दाखवलेही होते. चाक उत्तम होते. पण सायकल अजून आली नव्हती, मोटार फार दूर होती, रबर महाग होते, आणि घोडागाडीत बसणाऱ्या श्रीमंताला हादऱ्यांपेक्षा खर्च जास्त टोचला. थॉमसन पुढे भरीव रबराच्या चाकांच्या वाफेच्या गाड्यांकडे वळले, आणि त्या गाड्या १८७० च्या दशकात थेट आपल्या देशात, पंजाबच्या रस्त्यांवर, सरकारी वाहतुकीसाठी चालवून पाहिल्या गेल्या. १८७३ मध्ये ते वारले. डनलॉप यांना त्यांच्या पेटंटची खबर नव्हती. वैद्यकात असे खूप घडते. औषध आधी सापडते आणि त्याचा रोगी नंतर येतो. मग श्रेय कोणाचे यावर वाद चालतात. माझे मत विचाराल तर कल्पना थॉमसन यांची, आणि रस्त्यावर जगवली डनलॉप यांनी.

कंपनी मात्र बुडाली नाही. डनलॉप यांच्या मूळ टायरमध्ये एक अवघड गोष्ट होती: तो चाकाला चिकटवून, गुंडाळून बसवावा लागे, त्यामुळे पंक्चर काढणे म्हणजे अर्ध्या दिवसाचे काम. चार्ल्स वेल्च यांनी कडेत तार घातलेला, रिमवर बसणारा आणि हाताने उतरवता येणारा टायर शोधला. विल्यम बार्टलेट यांनी रिमच्या वळलेल्या कडेत अडकणारा. दु क्रॉस यांनी हे हक्क विकत घेतले आणि कंपनी तरली. आज पंक्चरवाला टॉमी लावून टायरची कड रिमवरून उचलतो ती कड या भांडणातून आली आहे. आणि तिची एक मर्यादाही आहे. रिमच्या रुंदीला न शोभणारा टायर बसवला, त्यात हवा कमी ठेवली आणि जोरात वळण घेतले, तर ही कड रिमवरून निसटते. ट्यूबलेस टायरमधली हवा मग एका क्षणात जाते.

मोठ्या टायरचे बाकीचे गणितही इथेच मांडतो. २१५/७५ आर १५ हे माप घ्या. त्याचा व्यास सुमारे ७०३ मिलिमीटर. त्याऐवजी २३५/७५ आर १५ घेतला तर व्यास ७३३ च्या आसपास, म्हणजे चार टक्क्यांची वाढ, आणि गाडीचे पोट जमिनीपासून दीड सेंटीमीटर वर. हे बहुतेक गाड्यांना पेलते. पण हौशी मंडळींना आवडणारा ३१ इंची टायर घेतला तर व्यास ७८७ मिलिमीटर, जवळजवळ बारा टक्के जास्त. पोट चार सेंटीमीटर वर येते, ते छान. परंतु चाकाचा एक फेरा आता जास्त अंतर कापतो आणि स्पीडोमीटरला ते ठाऊक नसते. काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी खरी ८९-९० ने धावत असते. वेग बारा टक्के वाढला की थांबवायची ऊर्जा पंचवीस टक्के वाढते. त्यातच चाक मोठे झाल्याने, पायाने ब्रेक तितकाच दाबला तरी जमिनीवर पोचणारा ब्रेकचा जोर सुमारे दहा टक्के घटतो. दोन्ही मिळून, काटा तोच आणि पायाचा दाब तोच असताना, गाडी थांबायला साधारण चाळीस टक्के जास्त अंतर घेते. चालकाच्या सवयीला जुने अंतर माहीत असते. नगर-मनमाड रस्त्यावर पुढच्या ट्रॉलीने अचानक ब्रेक मारला की हा फरक कळतो, आणि मग आमच्या अपघात विभागालाही कळतो.

त्याशिवाय क्लच जास्त झिजतो, चढावर गाडी मरगळते, डिझेल जास्त लागते. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर किंवा माल भरून खड्ड्यात गेल्यावर टायर मडगार्डला आणि कधी ब्रेकच्या नळीला घासतो. गुरुत्वमध्य वर गेल्याने घाटाच्या वळणावर, विशेषतः वर कांदा किंवा चारा उंच रचलेला असताना, गाडी कलंडण्याचा धोका वाढतो. खोल नक्षीचे ठोकळे ओल्या डांबरावर कमी टेकतात. नेवासे, शेवगाव, राहुरीच्या काळ्या चिकणमातीत तर रुंद टायरची नक्षी चार फेऱ्यांत बुजते आणि टायर गुळगुळीत होतो. तिथे अरुंद टायर खालच्या घट्ट थरापर्यंत कापत जातो आणि बरा चालतो. अकोल्याच्या दगडगोट्यांवर मोठा टायर उपयोगी, हे मी मान्य करतो. कायद्याचेही पाहा: मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम वाहनाचे मूळ तपशील बदलणारे फेरफार करू देत नाही, आणि अपघातानंतर विमा कंपनी हा प्रश्न काढू शकते. त्याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराला कंपनी स्वतः देते तेवढ्या मापापर्यंत जावे, हा व्यवहार्य मार्ग. गाडीच्या दाराच्या चौकटीवर हवेचा जो आकडा छापलेला असतो तो मूळ टायरसाठी असतो. माप बदलले तर टायरवाल्याकडून वजनाप्रमाणे योग्य आकडा काढून घ्यावा. चिखलात हवा कमी केली असेल तर डांबरावर येताच पुन्हा भरावी, कारण कमी हवेचा टायर वेगात सारखा दबतो-सुटतो, आतून तापतो, आणि मे महिन्यात समृद्धी महामार्गासारख्या सिमेंटच्या रस्त्यावर फुटतो. नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर कायद्याने बाद. आपल्या भाषेत, टायर गोटा झाला.

डनलॉप यांच्या आयुष्याचा पुढचा भाग थोडक्यात आटोपतो, कारण त्यांनीच तो थोडक्यात आटोपला. व्यवसायाच्या राजकारणात त्यांचे मन रमले नाही. दु क्रॉस यांच्याशी जमेना, तेव्हा १८९५ मध्ये त्यांनी कंपनीचे संचालकपद सोडले. दुसऱ्याच वर्षी दु क्रॉस यांनी कंपनी तीस लाख पौंडांना विकली आणि घेणाऱ्याने ती पन्नास लाखांना बाजारात आणली. ज्याच्या नावावर ही रक्कम जमली त्या माणसाच्या वाट्याला त्यातले फारसे आले नाही. ते डब्लिनमध्ये राहिले, कापडाच्या एका दुकानाच्या व्यवसायात त्यांचा भाग होता, तो पाहिला. त्यांची मोठी दाढी असलेली छबी कंपनी पुढे अनेक वर्षे वापरत राहिली.

एक गोष्ट मात्र या चरित्रात सांगायलाच हवी, आणि ती सहसा गाळली जाते. सायकलच्या आणि मग मोटारीच्या टायरने रबराची भूक एकदम वाढवली. रबराच्या बागा अजून तयार व्हायच्या होत्या. तोवर रबर जंगलातून यायचे. बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्या खासगी ताब्यातल्या काँगोत गावागावांवर रबराचा वाटा लादला गेला. तो भरला नाही तर बायका ओलीस ठेवल्या जात, माणसांचे हात तोडले जात. ब्रिटिश वकील रॉजर केसमेंट यांचा यावरचा अहवाल १९०४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जग हादरले. केसमेंट मूळचे आयर्लंडचेच. एका मुलाचे हादरे कमी करायला निघालेल्या शांत स्वभावाच्या पशुवैद्याचा यात काही दोष नव्हता. पण त्याच्या अंगणापासून त्या जंगलापर्यंतचा रस्ता दहा-बारा वर्षांतच तयार झाला होता, आणि तो कुणी आखला नव्हता.

भारतात डनलॉप कंपनीचा टायर कारखाना १९३६ मध्ये बंगालमधल्या साहागंज इथे सुरू झाला. बैलगाडीला हवेची चाके लागली ती त्याच सुमारापासून हळूहळू. आपल्या साखर पट्ट्यात ती मूळ धरून बसली. तेव्हा एक उलटी गोष्ट झाली: छातीएवढे उंच लाकडी चाक जाऊन गुडघ्याएवढे बुटके चाक आले, आणि तरी गाडी हलकी झाली, कारण उंचीचे काम हवेने उचलले. बैलांचा त्रास कमी व्हायला हवा होता. काही प्रमाणात झाला. मग गाडी सोपी ओढते म्हणून तीवर दोन-दोन टन ऊस रचला जाऊ लागला, आणि खांदा पुन्हा तिथेच आला. डनलॉप यांच्यातल्या जनावरांच्या डॉक्टरने यावर काय म्हटले असते, याचा विचार करतो खरा.

आता माझ्या खात्याची एक गोष्ट. पिकअपचे नवे मोठे टायर चढले की जुने चार कुठे जातात? घरामागे, विहिरीजवळ, गॅरेजच्या भिंतीला टेकून, किंवा वाऱ्याने पत्रा उडू नये म्हणून छपरावर. पावसाळ्यात त्यांच्या पोटात पाणी साचते, सावली असते, वारा लागत नाही. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला याहून चांगले बाळंतघर मिळत नाही. तिची अंडी टायरच्या आतल्या काळ्या भिंतीला चिकटतात आणि कोरडी राहून महिनोन्महिने जिवंत राहतात; पहिला पाऊस झाला की आठ-दहा दिवसांत डास उडतात. १९८५ मध्ये अमेरिकेच्या टेक्सासमध्ये आशियाई एडिस डास स्थिरावला तो आयात केलेल्या जुन्या टायरांमधूनच, असे शास्त्रज्ञांनी मानले. छपरावरच्या टायरला सुरीने तळाशी दोन-तीन मोठी भोके पाडली तर पाणी राहत नाही. पत्राही उडत नाही. जागेवरचे टायर भंगारात द्यावेत. जाळू नयेत, तो धूर घरातल्या दमेकऱ्याला पुरतो. पावसाळ्यात वस्तीवर डेंग्यूचे दोन-तीन रुग्ण एकदम निघाले की आमचे आरोग्य कर्मचारी आधी टायर शोधतात, आणि बहुतेक वेळा त्यांना ते सापडतात.

जॉन बॉइड डनलॉप २३ ऑक्टोबर १९२१ रोजी डब्लिनमध्ये वारले. हवेच्या टायरचा इतिहास सांगणारे त्यांचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर निघाले. उत्तर आयर्लंडच्या नॉर्दर्न बँकेने नंतर आपल्या दहा पौंडांच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले. बेलफास्टच्या अंगणातल्या त्या पहिल्या टायरांपैकी एक एडिंबराच्या संग्रहालयात जपून ठेवला आहे. ज्या शहरात ते एकोणिसाव्या वर्षी घोड्याचे खूर तपासायला शिकले, त्याच शहरात.